मांजर लिटर बॉक्सबाहेर का जातं? एका खोक्याचा इतिहास



आजचा विषय कळल्यावर आमच्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न आले. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात मांजराच्या शी-शूचं काय काम? आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी विचारलं, व्याख्यान किती वाजता आहे? या दुसऱ्या मंडळींना आपण कशाबद्दल बोलणार ते नीट ठाऊक आहे. चार वर्षं शहाण्यासारखं लिटर बॉक्समध्ये जाणारं मांजर एक दिवस सोफ्यावर शू करतं. मग रोज करायला लागतं. गादी उन्हात घालून होते, फिनेल होतं, ओरडून होतं, मानगूट धरून "हे काय केलंस" म्हणून दाखवून होतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "मुद्दाम करतंय ते." आणि तिथून पुढे त्या मांजराचं त्या घरातलं दाणापाणी संपत येतं.

हे "मुद्दाम करतंय" आपल्याला आज तपासायचं आहे. त्यासाठी आपण प्रश्न थोडा मागून सुरू करू. मांजर बॉक्स वापरायचं का थांबलं, हे विचारण्याआधी ते मुळात वापरायला का लागलं, हे विचारू. कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं, शिकवावं लागतं, आठवडे जातात. मांजराचं पिल्लू महिन्याभराचं होतं न होतं तोच भुसभुशीत काही दिसलं की उकरायला लागतं. आईने शिकवलं नाही तरी उकरतं. आपण फक्त वाळूचं खोकं ठेवतो आणि "आमच्या मांजराला छान सवय लागली" असं सांगत फिरतो. ती सवय आपण लावलेली नसते, म्हणून ती मोडली की दुरुस्त कशी करायची हेही आपल्याला कळत नाही.

तर ही सवय कुठली? घरातल्या सगळ्या मांजरांचा पूर्वज एकच, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. माणसाशी त्याची सोयरीक किती जुनी, याचा एक ठळक पुरावा सायप्रस बेटावर सापडला. शिलुरोकाम्बोस नावाच्या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, हातभर अंतरावर, एक मांजर पुरलेलं होतं. हा शोध २००४ मध्ये जाहीर झाला. सायप्रसवर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कोणीतरी ती होडीत घालून नेली. धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, हा भाग आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तिथे थांबायला नको.

आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते या पूर्वजाचं कोरड्या मुलखातलं घर. पाणी कमी, म्हणून मांजराची मूत्रपिंडं पाणी जबरदस्त राखून ठेवतात. १९५९ च्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की मांजरं समुद्राचं पाणी पिऊनही तग धरू शकतात, जे तुम्हाआम्हाला शक्य नाही. याचा परिणाम असा, की मांजराची शू अतिशय घट्ट असते. त्यात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये सगळ्यात जास्त. ते ताजं असताना फारसा वास येत नाही, हळूहळू विघटन होतं तसा वास वाढत जातो. म्हणूनच सकाळी पुसलेला कोपरा दुपारी "बोलायला" लागतो. मांजराच्या दृष्टीने शू म्हणजे एक चिठ्ठी असते: कोण आलं होतं, कधी आलं होतं, बोका की भाटी.

आता पुरण्याबद्दल. मांजर स्वच्छ असतं म्हणून पुरतं, असं आपण म्हणतो. मोकळ्यावर राहणाऱ्या मांजरांचं निरीक्षण ज्यांनी केलं त्यांना चित्र इतकं सोवळं दिसलं नाही. राहत्या जागेजवळ मांजरं बहुधा पुरतात, पण हद्दीवर, वाटेवर, उंचवट्यावर तशीच उघडी टाकूनही जातात. म्हणजे झाकणं आणि मुद्दाम उघडं ठेवणं, दोन्ही त्याच प्राण्याच्या भाषेत आहेत. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता हजारो वर्षांची उडी मारू. या सगळ्या काळात मांजराच्या शौचाची सोय हा माणसाचा प्रश्नच नव्हता. मांजर बाहेर जात होतं. आपल्याकडे वाड्याचं परसू होतं, कोकणात माड-पोफळीच्या मुळाशी भुसभुशीत माती होती, आणि चुलीतली ऊबदार राख तर मांजराला झोपायलाही प्रिय आणि दुसऱ्या कामालाही प्रिय. ज्यांच्या आज्यांनी पहाटे चुलीत हात घातला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

मांजर घरात कोंडून ठेवायची वेळ आली ती आधी हौशी लोकांवर. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ च्या जुलैमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं प्रदर्शन भरवलं. मांजरांच्या आधुनिक प्रदर्शनांची परंपरा तिथून मोजतात. याच वेअरने १८८९ मध्ये मांजरांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दिलेला एक सल्ला असा, की मांजराला बाहेर जायला वाट नसेल तर त्याच्या झोपायच्या जागेजवळ कोरड्या मातीचं खोकं ठेवावं. इतकंच. त्यावर चर्चा नाही, तक्रार नाही. "मांजराने खोकं वापरलं नाही तर काय करावं" हा प्रश्न जन्माला यायला अजून अर्धशतक लागायचं होतं.

तो प्रश्न जन्माला आला अमेरिकेत, आणि त्याला कारण झाला एड लो नावाचा एक माणूस. हा माणूस पाहण्यासारखा आहे, त्याच्यापाशी थोडं थांबू. मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी करून लो घरी परतला आणि वडिलांच्या धंद्यात शिरला. धंदा होता कारखान्यांना लाकडाचा भुसा आणि भाजलेल्या मातीचे दाणे पुरवण्याचा. कारखान्याच्या फरशीवर तेल सांडलं की वर हे टाकायचं, ते तेल पिऊन घेतं. ही माती कोणती? आपण जिला मुलतानी माती म्हणतो त्याच जातीची. जी माती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चेहऱ्याचं तेल शोषायला वापरली, ती तिकडे यंत्रांचं तेल शोषत होती.

१९४७ चा जानेवारी. कडाक्याची थंडी. लोच्या एका शेजारणीकडे मांजर होतं आणि ती त्याच्यासाठी वाळू वापरायची. वाळूचा ढीग गोठून दगड झाला. मग तिने राख वापरून पाहिली, तर घरभर मांजराची काळी पावलं उमटली. ती लोकडे वाळू मागायला आली. लोने वाळूऐवजी मातीच्या दाण्यांची पिशवी दिली. काही दिवसांनी बाई परत आली. तिला तेच हवं होतं, वाळू नको होती. लोने दहा पिशव्या भरल्या, प्रत्येकी पाच पौंडांच्या, वर हाताने "किटी लिटर" असं लिहिलं आणि दुकानदाराकडे नेल्या. किंमत ६५ सेंट. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना मातीला ६५ सेंट कोण देणार, असं दुकानदाराने विचारलं. लो म्हणाला, मग फुकट वाट. गिऱ्हाइकं परत आली आणि पैसे देऊन मागायला लागली.

एक सावधगिरीची सूचना. ही गोष्ट आपल्यापर्यंत मुख्यतः लोच्याच तोंडून आली आहे, आणि तो जातिवंत विक्रेता होता. तो गाडीत पोती भरून गावोगाव हिंडला, मांजरांच्या प्रदर्शनांत गेला, आपला माल मांडायला जागा मिळावी म्हणून तिथली मांजरांची खोकी स्वतः साफ केली. असा माणूस आपल्या धंद्याची जन्मकथा सपक सांगणार नाही. तपशिलात थोडं मीठमसाला असेल. पण सनावळी, माती आणि परिणाम यांबद्दल शंका नाही. १९६४ मध्ये त्याने टायडी कॅट नावाचा दुसरा ब्रँड काढला, १९९० मध्ये धंदा विकला, १९९५ मध्ये तो वारला. तोपर्यंत अमेरिकेत मांजराचं खोकं ही घरातली फ्रिजइतकी गृहीत धरलेली वस्तू झाली होती.

आणि परिणाम कोणता? मांजर घरात आलं. म्हणजे ते आधीही घरात होतं, पण रात्री दार उघडून बाहेर सोडलं जायचं. आता दार उघडायची गरज उरली नाही. उंच इमारतीत, दहाव्या मजल्यावर मांजर पाळता यायला लागलं. नसबंदी सर्रास व्हायला लागली होती, तिचाही यात मोठा वाटा आहे, कारण नसबंदी न झालेला बोका बंद घरात कोण सहन करणार? गाड्यांखाली येणं, भांडणं, रोग, यांतून मांजर वाचलं. आयुष्य वाढलं. लोच्या मातीने मांजरांचं भलं केलं यात वाद नाही.

पण या व्यवहारात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. बाहेर जाणाऱ्या मांजराला शंभर जागा होत्या. एक ओली झाली तर दुसरी, एका जागी दुसऱ्या बोक्याचा वास आला तर तिसरी. आता एकच जागा, दीड हात बाय एक हात, आणि तीही माणसाने ठरवलेली. शिवाय ते खोकं विकत घेणारा माणूस होता, वापरणारं मांजर. धंदा नेहमी विकत घेणाऱ्याच्या नाकाकडे बघून चालतो. म्हणून सुगंधी लिटर आलं. म्हणून झाकणवाले बॉक्स आले, त्यांना झडपा आल्या. म्हणून खाली प्लास्टिकच्या पिशव्या अंथरायची पद्धत आली. आणि घरात बॉक्स ठेवायची जागा कोणती? तळघर, न्हाणीघराचा कोपरा, वॉशिंग मशीनच्या शेजारी. आपण बसतो तिथून जितकं लांब तितकं बरं. मशीन कपडे पिळायला लागलं आणि नेमकं तेव्हा मांजर बॉक्समध्ये असलं, तर ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. यात मांजराचा हट्ट कुठे आहे? उघड्यावर बसलेला कोणताही प्राणी हेच करेल.

मांजराला काय आवडतं, हे कोणी विचारलं का? विचारलं, पण फार उशिरा. १९८४ मध्ये टॉमस नेल्सन या जैवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट मातीचं, गोळा होणारं लिटर तयार केलं. ओलं झालं की तेवढाच गोळा होतो, तो काढून टाकता येतो. हेही माणसाच्या सोयीसाठीच होतं. पण पुढे पीटर बोर्चेल्ट यांच्यासारख्या प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी निरनिराळी लिटरं शेजारीशेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा मांजरांनी बारीक दाण्याचं, गोळा होणारं लिटर जास्त पसंत केलं. कारण उघड आहे. ते वाळूसारखं लागतं. वाळवंटातल्या पूर्वजाच्या पायाखाली जे होतं, ते योगायोगाने परत आलं.

या चाचण्यांत आपले ठाम समज पडलेही आहेत, ते सांगितलं नाही तर अप्रामाणिकपणा होईल. झाकणवाला बॉक्स मांजरांना आवडतच नाही, असं मांजरवाले छातीठोकपणे सांगतात. २०१३ च्या एका अभ्यासात दोन्ही बॉक्स तितकेच स्वच्छ ठेवले, तेव्हा एकूण मांजरांमध्ये कोणताच कल दिसला नाही. काही मांजरांना झाकण हवं होतं, काहींना नको होतं, बहुतेकांना फरक पडला नाही. २०१७ मध्ये आणखी एक मजेशीर प्रयोग झाला. घाण बॉक्स मांजर टाळतं ते वासामुळे, हे आपण गृहीत धरतो. संशोधकांनी वास नसलेली खोटी शी बनवून बॉक्समध्ये ठेवली. (हसू नका, या कामाला पगार मिळतो.) मांजरांना तीही नको होती. म्हणजे नाकापेक्षा पायाखालची अडचण जास्त खटकत होती. मोकळी जागा हवी, उकरायला, वळायला. बॉक्सच्या आकाराच्या चाचण्यांतही मोठा बॉक्स पुढे राहिला. दुकानात मिळणारे बरेचसे बॉक्स मोठ्या बोक्याला तोकडे पडतात, कारण ते मांजराच्या मापाने केलेले नसतात, फ्लॅटच्या मापाने केलेले असतात.

इथवर खोक्याचा इतिहास झाला. पण मांजर बॉक्स सोडतं त्यामागे फक्त खोकं असतं असं नाही. दुसरा इतिहास आहे तो दुखण्याचा, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचा तोच.

मांजर वारंवार थेंब-थेंब शू करतं, कळ काढतं, शूमध्ये रक्त दिसतं, आणि बॉक्स सोडून भलत्याच ठिकाणी बसतं. डॉक्टरांना हे कधीपासून माहीत होतं. १९७० मध्ये अशा ४६ रुग्णांवरचा एक लेख आला आणि या लक्षणांच्या गाठोड्याला "फेलाइन युरॉलॉजिक सिंड्रोम" हे नाव रूढ झालं. नाव मिळालं की कारण शोधायची घाई होते. पहिला संशय मांजराच्या कोरड्या खाद्यावर आला, त्यातल्या राखेवर, म्हणजे क्षारांवर. मग बोट मॅग्नेशियमकडे वळलं, कारण मूत्राशयात सापडणारे खडे बहुतेक स्ट्रुव्हाइटचे असत आणि त्यात मॅग्नेशियम असतं. नंतर कळलं, की नुसतं मॅग्नेशियम नव्हे, शू किती आम्लधर्मी आहे त्यावर खडा होणं अवलंबून आहे. कंपन्यांनी खाद्य बदललं, मॅग्नेशियम कमी केलं, शू आम्लधर्मी होईल असं केलं. स्ट्रुव्हाइटचे खडे खरोखर कमी झाले. आणि मग कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. मिनेसोटा विद्यापीठात देशभरातून खडे तपासायला येत. १९८०च्या सुरुवातीला त्यात ऑक्झलेटचे खडे नगण्य होते, १९९०च्या मध्यावर त्यांनी स्ट्रुव्हाइटला मागे टाकलं. हे औषध खाऊन विरघळत नाहीत, बरेचदा शस्त्रक्रिया लागते. एका दारातून घालवलेला पाहुणा दुसऱ्या दारातून आला, असं म्हणा.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट आकड्यांत दिसत होती आणि कोणी तिच्याकडे नीट बघत नव्हतं. ही लक्षणं घेऊन येणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडा सापडतच नव्हता. जंतुसंसर्गही नाही. तपासणीत काहीच नाही, आणि मांजर तर कळवळतंय. अशा रुग्णाला काय म्हणतात, ते आपल्याला माणसांच्या दवाखान्यातही माहीत आहे. "मनाचं आहे," म्हणतात.

ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी १९९०च्या दशकात या उरलेल्या निम्म्या मांजरांकडे लक्ष दिलं. मूळचे ते आहाराचे अभ्यासक, म्हणजे खड्यांच्या शोधातलेच. त्यांच्या ध्यानात आलं, की माणसांत, विशेषतः बायकांमध्ये, मूत्राशयाचा असाच एक वेदनादायक विकार असतो, ज्यात जंतूही सापडत नाहीत आणि खडाही सापडत नाही. मांजरांत आणि त्यांच्यात बरंच साम्य निघालं. मूत्राशयाचं आतलं अस्तर बिघडलेलं असतं, आणि शरीराची ताणाला उत्तर देणारी यंत्रणा सतत ताणलेली असते. "मनाचं आहे" हे अर्धं बरोबर होतं, आणि वेदना तर संपूर्ण खरी होती.

त्यांच्याच गटाचा २०११ चा अभ्यास आम्हाला फार मोलाचा वाटतो. ३२ मांजरं, त्यातली २० या विकाराची आणि १२ निरोगी, ७७ आठवडे पाहिली. मांजरांना चांगल्या पिंजऱ्यांत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाकडून खाणं-पिणं, खेळ, स्वच्छता मिळत होती. अशा वेळी आजारी मांजरंही सुधारली. पण एखाद्या आठवड्यात घडी बिघडली, सांभाळणारा माणूस बदलला, वेळ चुकली, तर आजारपणाची लक्षणं वाढायची: उलट्या, खाणं सोडणं, आणि बॉक्सबाहेर शी-शू करणं. लक्षात घ्या, निरोगी मांजरांतही. त्यांना मूत्राशयाचा विकार नव्हता. त्यांची घडी विस्कटली एवढंच झालं होतं.

आता आपल्या सोफ्यावर परत या. बॉक्समध्ये बसलं की कळ येते. मांजराला मूत्राशय म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला कळतं ते एवढंच, की त्या खोक्यात गेलं की दुखतं. ते दुसरी जागा शोधतं, जी मऊ आहे, जिथे अजून दुखलेलं नाही. गादी. नुकत्याच धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तुमची उशी. आपल्याला तो सूड वाटतो, कारण जागा आपल्या अंगाखालची असते. मांजराच्या लेखी ती दुखण्यापासून पळून जाण्याची जागा असते. पुढे दुखणं थांबलं तरी खोक्याची धास्ती राहू शकते, म्हणून औषधोपचार होऊनही मांजर लगेच परत जात नाही, आणि आपण म्हणतो, "बघा, डॉक्टरांनी सांगितलं काही नाही, म्हणजे मुद्दामच."

दुखण्याचा आणखी एक धडा याहून कडू आहे. मांजर घरात आलं तसं सोफ्याचं कापड फाटायला लागलं. त्यावर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास उपाय निघाला, नखं काढून टाकण्याचा. नखं कापणं नव्हे. प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड, म्हणजे आपल्या बोटाचं टोकाचं पेर, छाटून टाकायचं. मग त्या पायांनी मांजराने खरखरीत लिटर उकरायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरं तपासली, निम्मी नखं काढलेली, निम्मी नखंवाली. नखं काढलेल्या मांजरांत बॉक्सबाहेर जाणं, चावणं आणि पाठदुखी कितीतरी जास्त आढळली. अनेकांच्या बोटांत हाडाचे तुकडे राहून गेले होते. म्हणजे सोफा वाचवायला नखं काढली आणि त्याच सोफ्यावर मांजर शू करायला लागलं. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे, इस्रायलने २०११ मध्ये बंदी आणली, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क हे बंदी आणणारं पहिलं राज्य ठरलं, तेही २०१९ मध्ये.

फवाऱ्याबद्दल दोनच वाक्यं बोलू, कारण तो विषय निराळा आहे. शेपूट वर करून उभ्याने भिंतीवर मारलेला शूचा फवारा ही मघाशी म्हटलेली चिठ्ठी असते, आणि तिचा बॉक्स आवडण्या-नावडण्याशी संबंध नसतो. नसबंदीने बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, तरी १९८४ च्या एका अभ्यासानुसार लहानपणी नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि भाट्यांपैकी ५ टक्के पुढेही फवारा मारतात, बहुधा खिडकीबाहेर किंवा घरातच दुसऱ्या मांजराशी हद्दीचा तंटा असतो तेव्हा.

या गैरसमजाची किंमत कोणी मोजली? १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या १२ शेल्टरमध्ये लोक आपले प्राणी का सोडून जातात याची मोठी पाहणी झाली. मांजरांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारींत घर घाण करणं अगदी वरच्या जागी होतं. त्या काळात शेल्टरमध्ये आलेल्या मांजरांपैकी फार मोठ्या संख्येला इंजेक्शन देऊन मारलं जाई. आणि "घर घाण करतं" अशी नोंद असलेलं मोठं मांजर दुसरं कोण घरी नेणार? त्यांतल्या कित्येकांना मूत्राशयाचं दुखणं असणार, ज्याचं नावही तेव्हा धड ठरलेलं नव्हतं. २०१४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या मांजरतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मांजर सूड म्हणून असं करत नाही, हे स्पष्ट नोंदवावं लागलं. तज्ज्ञांना हे छापून सांगावं लागतं, यावरून समज किती मुरलेला आहे ते कळतं.

आपल्याकडे हा इतिहास आता घडतो आहे. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या फ्लॅटांतून मांजरं गेल्या काही वर्षांत कायमची आत आली. खिडक्यांना जाळ्या लागल्या. परसू गेलं, राख गेली, राहिला तो बाजारातून आणलेला ट्रे. बफिंग्टन यांच्या प्रयोगातली "विस्कटलेली घडी" आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीचे फटाके आहेत, गणपतीत भरलेलं घर आहे, रंगकाम आहे, सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि मांजराला खाऊ घालणारा हात बदलला, हेही आहे. मांजर बॉक्सबाहेर गेलं की आधी कॅलेंडर बघा, मागच्या पंधरा दिवसांत घरात काय बदललं ते आठवा.

आणि त्याहीआधी डॉक्टर. हे आम्ही आवाज चढवून सांगतो. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, आवाज करतोय आणि शू होत नाहीये, तर सकाळपर्यंत थांबू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. अनेकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि घरगुती उपायांत वेळ जातो.

दुखणं नाही असं ठरलं, तर मग खोक्याकडे वळायचं. जितकी मांजरं तितके बॉक्स आणि वर एक, आणि सगळे एका ओळीत एकाच खोलीत नकोत, कारण मांजराच्या हिशेबाने ती एकच जागा होते. बॉक्स मांजराच्या लांबीच्या किमान दीडपट हवा. वास नसलेलं, बारीक लिटर. दिवसातून एकदा तरी उपसणं. जिथे शू झाली तिथे फिनेल न टाकता एन्झाइमचं क्लीनर वापरणं. आणि मारणं-ओरडणं नाही, त्याने फक्त एवढंच होतं, की मांजर तुमच्यासमोर करायचं थांबतं आणि कपाटामागे करायला लागतं.

शेवटी म्हाताऱ्या मांजरांबद्दल, कारण मघाशी मागच्या रांगेतून चौदा वर्षांच्या मांजरीबद्दल विचारणा झाली होती. २००२ च्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यांतल्या ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, फक्त उडी मारणं कमी करतं. उंच काठाचा बॉक्स त्याला रोज दोन-तीनदा ओलांडायचा डोंगर होतो, म्हणून ते बॉक्सच्या अगदी शेजारी, बाहेर करतं. तुमची मांजरीही शेजारीच करते ना? मग डॉक्टरांना सांधे दाखवा, आणि घरी एक मोठा प्लास्टिकचा टब घ्या, गरम सुरीने त्याची पुढची बाजू कापा, जमिनीपासून चार बोटं ठेवा, कड घासून गुळगुळीत करा, आणि ती सध्या जिथे बसते नेमका तिथे ठेवा. आठवडाभर हलवू नका. आता बाकीचे प्रश्न घेऊ.